उसवायची राहिलेली शिवण

मिल्या, तू गेल्यावर पंधरा दिवस मी कुणाशी एक शब्दही खोटा बोललो नाही. हवालदाराने विचारलं, गाडीला बेल्ट होते काय. म्हटलं, होते. मग विचारलं, सरांनी लावला होता काय. म्हटलं, नव्हता. दोन्ही खरं. त्याने लिहून घेतलं, खाली सही करायला सांगितली, मी केली. आणि तेवढ्या दोन खऱ्या वाक्यांवर अख्ख्या गावाने तुला मूर्ख ठरवलं, तेव्हा मी तिथेच खाली मान घालून उभा होतो.

काय काय बोलले ते तुला सांगायलाच हवं. तुझं मयत घरातून निघायच्या आधीच पडवीत एकजण म्हणाला, "आयुष्यभर पोरांच्या मागे बेल्ट, बेल्ट करत फिरले आणि स्वतःच्या वेळेला तसेच बसले." दुसऱ्याने मान हलवली. नाक्यावर तर तुझं नावच पडलं, बेल्टवाले सर. आधी ते कौतुकाने म्हणायचे, आता तोंड वाकडं करून. आणि आपल्या वर्गातला तो सुभ्या, चहाचा कप ठेवत म्हणाला, "गाडीला बेल्ट होता ना? मग काय उपयोग झाला? जायची वेळ आली की बेल्ट काय करणार." हे मला सगळ्यात जास्त लागलं. तुला मूर्ख म्हटलं ते म्हटलं, पण तुझं आयुष्यभराचं सांगणंही त्यांनी त्याच कपात बुडवलं. आणि मी बशीत चहा ओतून फुंकत बसलो होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

तुझी बौद्धवाडी आणि माझी कुणबीवाडी, मध्ये एक पऱ्या, पावसाळ्यात वाहणारा ओढा. शाळेत एका बाकावर होतो. पुढे तू आयटीआयला फिटर झालास, तिथेच शिकवायला लागलास, "सर" झालास. मी मुंबईला जाऊन गाड्यांच्या सीटा शिवायला शिकलो आणि परत येऊन नाक्यावर दुकान टाकलं. तू लोखंड जोडणारा, मी रेक्झिन शिवणारा. पण शिवणीचा माज मला होता, मिल्या, तो तुला कधी लोखंडाचा झाला नाही.

आपलं खरं भांडण मागच्या सीटच्या बेल्टांवरून. नवी गाडी घेतली की माणूस आधी माझ्याकडे यायचा, सीटकव्हर घालायला. आणि दहातले नऊजण सांगायचे, दत्ताशेट, ती मागची बकलं टोचतात, दाबून टाका खाली. मी दाबायचो. कव्हर वरून ताणून बसवायचो, एक सुरकुती दिसायची नाही. माझ्या कामाची तीच तर ओळख होती. तू एकदा दुकानात आलास, एका गाडीच्या मागच्या सीटवर बसलास, हाताने चाचपत राहिलास. मग म्हणालास, "दत्त्या, तू रत्नागिरीतल्या अर्ध्या गाड्यांचे बेल्ट पुरलेस की रे."

"गिऱ्हाईक सांगतंय ते मी करतो," मी म्हटलं.

"गिऱ्हाईकाने ब्रेक काढायला सांगितला तर काढशील?"

"मी ब्रेकवाला नाय. मी कुशनवाला."

हे भांडण आपण वीसेक वर्षं केलं असेल. तू हरत नव्हतास, मी ऐकत नव्हतो. प्रत्येक वेळी शेवटी तू म्हणायचास, "निदान भोक तरी ठेव, बकल वर येईल एवढं." आणि मी म्हणायचो, "भोक ठेवलं की कव्हर भिकाऱ्यासारखं दिसतं."

आता दुसरं भांडण. ते सांगितल्याशिवाय पुढचं कुणाला कळणार नाही. तुझ्या मोटरसायकलची सीट मी शिवून दिली होती, दुहेरी शिवण, कडेने पांढरी पायपिंग. महिन्याभरात तुला खालचा एक बोल्ट काढायचा झाला आणि तू ब्लेडने शिवण कापलीस. मी ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. भर नाक्यावर तुला काय काय बोललो. म्हटलं, "माझ्या शिवणीला दुसऱ्याने ब्लेड लावायचं नाय. उसवायची तर मीच उसवणार." आणि तीन महिने तुझ्याशी बोललो नाही. तू यायचास, दुकानातल्या स्टुलावर बसायचास, मी मशीन जोरात चालवायचो. तू तसाच बसून उठून जायचास. तीन महिने, एका मोटरसायकलच्या सीटसाठी. पुढे तू कधी माझ्या कामाला ब्लेड लावलं नाहीस. तेव्हा मला त्यात माझा विजय वाटला होता.

मग ती तिचाकी आली. मागल्या वर्षी तू आयटीआयच्या पोरांना घेऊन ती करायला लागलास. पुढे दोन चाकं, मागे एक, मधे जुन्या मोटरसायकलचं इंजिन, वर छप्पर नाही, कडेला दरवाजे नाहीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन सीटा. नाक्यावरचे म्हणायचे, सरांनी रिक्षा उलट्या तोंडाने पळवायची ठरवलीय. तू हसायचास. सांगायचास की परदेशात अशा गाड्या शर्यतीसारख्या पळतात, लोक हौसेने घेतात, आणि पोरांना एका गाडीत सगळं शिकता येतं, वेल्डिंग, स्टिअरिंग, ब्रेक. गाडी रस्त्यावर आणायची नाही, फक्त आपल्या वरच्या सड्यावर चालवायची, हे तू पहिल्याच दिवशी पोरांकडून वदवून घेतलंस. सडा मोकळा, सपाट कातळ, ना माणूस ना वाहन.

तू डोक्यामागे पाइपाची जाड कमान बसवलीस, गाडी उलटली तर ती जमिनीला टेकावी म्हणून. आणि मुंबईहून चार टोकांचे बेल्ट मागवलेस, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मधे पोटावर बकल. मला म्हणालास, सीटच्या पाठीला दोन आणि बुडाला दोन अशा खाचा ठेव, बेल्ट त्यातून मागे जातील आणि थेट चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बांधले जातील. सीटला नाही, चासीला. सीट उपटून आली तर बेल्टही तिच्याबरोबर जाईल, मग तो काय कामाचा.

मी भडकलो. निळ्या रेक्झिनची एवढी देखणी सीट आणि तिला चार भोकं. म्हटलं, "उघडी गाडी आहे, मेल्या. उलटली तर माणूस बाहेर फेकला गेला तरच वाचेल. तू बांधून ठेवणार म्हणजे खालीच चेपणार."

"असं वाटतं तुला?"

"वाटतं नाय, आहेच तसं."

तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी पोरांना सांगून दोन फणस आणवलेस. गाडीचा नुसता सांगाडा होता तेव्हा, सीटा तात्पुरत्या. एक फणस तू नुसता सीटवर ठेवलास, दुसरा शेजारच्या सीटवर बेल्टने चारी बाजूंनी आवळलास. पोरांनी दोरखंड लावून सांगाडा पळवला आणि कडेला आडवा ओढला. सुटा फणस उडाला, दहा हात लांब कातळावर आपटला आणि फुटला, गरे सगळीकडे. सांगाडा कमानीवर टेकून उलटा राहिला, आणि बांधलेला फणस आत लोंबत होता. काटे जरा चेपले होते, बाकी शाबूत. पोरं हसून लोळत होती. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालास, "तुझा बाहेर फेकलेला वाचलेला माणूस तो बघ."

मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "तो फणस बरका होता, लिबलिबीत, म्हणून फुटला. कापा असता तर टिकला असता." हरलो की असंच काहीतरी बोलायचो मी. मग ती साक्षी, तुझी लाडकी, सगळ्या वर्गात एकटी मुलगी, तिने बांधलेला फणस सोडवला आणि आपण सगळ्यांनी तिथेच कातळावर बसून खाल्ला. तोही बरकाच निघाला. तू हाताला तेल चोळत म्हणालास, "कमान असेल तर बेल्ट हवाच, आणि बेल्ट असेल तर कमान हवीच. एकाशिवाय दुसरं नुसतं शोभेचं." मी घरी येऊन गपचूप चार खाचा कापल्या. त्यांना कडेने चामड्याची पट्टी लावली. तुला सांगितलं नाही, पण त्या खाचा मला आवडल्या होत्या. हे मी तुला कधीच बोललो नाही, आणि आता बोलून काय होणार आहे.

त्या दिवसापासून गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तू थांबवायचास. बकल लावलं की कानाला हात लावून विचारायचास, "आवाज आला? टक् असा? नाय आला तर लागलेला नाय." प्रिन्सिपॉल बसले त्यांनाही विचारलंस. मला तर तीन वेळा लावायला लावलंस.

मग जयंतीची मिरवणूक आली. तुझ्या वाडीतल्या मंडळाने ठरवलं, या वर्षी तसबीर तिचाकीतून न्यायची, सरांची गाडी पुढे. इंजिन बंद, पोरं ढकलणार, माणसाच्या चालीने. रंग निळाच होता. मला तू आदल्या आठवड्यात सांगायला आलास तेव्हा मीच फुशारलो. माझी सीट सगळ्या गावासमोर जाणार, फोटो निघणार, पेपरात येणार. पण ते काळे पट्टे, चार इकडे, चार तिकडे, बकलं लोंबतायत, ते मला सहन होईना. म्हटलं, "वरून दोन्ही सीटांना मिळून एक अखंड कव्हर घालतो. पट्टे आत. मिरवणुकीपुरतं."

तू म्हणालास, "चेन लाव मग. काढता येईल."

"चेन लावली की फुगवटा दिसतो. हाताने टाके मारतो, वाकड्या सुईने. दोरा दिसणारसुद्धा नाय."

"आणि उसवणार कोण?"

"मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "आठ म्हणजे आठ हां, दत्त्या." म्हटलं, होय रे बाबा.

मिरवणुकीत काय दिमाख होता. निळी सीट, शेजारी तसबीर, झेंडूचे हार, तू पांढरा सदरा घालून स्टिअरिंग धरून बसलेला. वहिनी बायकांच्या रांगेत चालत होत्या आणि मधूनच तुझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी गाडीच्या बाजूने चालत होतो आणि लोक तुझ्याकडे बघतायत की माझ्या सीटकडे, हे बघत होतो. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी तुझ्यापेक्षा माझ्या कव्हरकडेच जास्त बघितलं. मांडवीचा एक लॉजवाला भेटला, म्हणाला, हे काम कुणाचं? उद्या सकाळी या, माझ्या हॉलचे सगळे सोफे तुमच्याकडूनच करून घेतो. मी पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलो.

दुसऱ्या दिवशी आठला मी तुझ्या आयटीआयच्या शेडवर नव्हतो. मांडवीला होतो. लॉजवाला चहा पाजत होता, माझी स्तुती करत होता, आणि मी सोफ्याची मापं घेत होतो. घाई कसलीच नव्हती. सोफे कुठे पळून जात नव्हते. मला फक्त ती स्तुती आणखी जरा वेळ ऐकायची होती.

सव्वानऊला तुझा फोन आला.

"कुठे आहेस रे?"

"मांडवीला. एक मोठं काम आलंय."

"पाच मिनिटांचं उसवायचं काम होतं. पोरं सड्यावर जाऊन थांबलीत. परीक्षेआधीची शेवटची चाचणी आज. पुढच्या डाव्या चाकातून काल आवाज येत होता, तोही बघायचाय."

"दुपारी येतो ना."

"दुपारी पोरं घरी जातील. लांबची आहेत."

आणि मग मी जे बोललो ते आज सतरा दिवस माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "मग एक दिवस नाय लावलास बेल्ट म्हणून काय आभाळ कोसळतंय? हळू चालव."

आधी मला वाटलं फोन कटला. मग म्हणालास, "बरं." तुझा माझ्याशी शेवटचा शब्द तो. वीस वर्षं मला समजावत होतास आणि शेवटी माझंच ऐकलंस.

पुढचं मला साक्षीने सांगितलं. तू नेहमीसारखी टेंपोत घालून गाडी वर आणलीस, उतरलास, आणि पोरांना म्हणालास, "आज दुसऱ्या सीटवर कोणी बसायचं नाय." रोज त्या सीटसाठी पोरांची मारामारी व्हायची. साक्षीचा नंबर होता त्या दिवशी. ती रुसली. तू म्हणालास, "बेल्ट हाताशी नाय, मग मी कुणाला नेणार नाय. मी एकटाच हळू जाऊन चाकाचा आवाज बघून येतो." आणि हळूच गेलास. सड्यावर गवत वाळून पिवळं झालेलं, त्यात कुणीतरी टाकून दिलेला जांभ्या दगडाचा एक चिरा दडलेला होता. पुढचं डावं चाक त्यावर चढलं, गाडी उजवीकडे कलंडली. जोरात नाही. साक्षी म्हणते, अगदी सावकाश कलंडली, आम्हाला वाटलं सर आता हसत बाहेर येतील. गाडी कमानीवर टेकून राहिली, तू सांगितलं होतंस तशीच. आणि तू तिच्यात नव्हतास. तू चार हात लांब कातळावर होतास.

मी दुपारी गाडी बघायला गेलो, तुला बघायच्या आधी. मला तुला बघायची हिंमत नव्हती म्हणून गाडी बघितली. एक चाक वाकलं होतं, आरसा फुटला होता. सीटला ओरखडासुद्धा नव्हता, मिल्या. तू जिथे बसला असतास तिथे काहीही झालं नव्हतं. माझे टाके जसेच्या तसे होते, एक दोरा सुटला नव्हता. आयुष्यात एवढी पक्की शिवण मी केली नसेल.

पोलिसांना, पोरांना, सगळ्यांना वाटलं, कव्हर आहे, त्याला कुठेतरी चेन असेल, ओढली की बेल्ट हाताला येत असेल, सरांनी कंटाळा केला. साक्षीलासुद्धा तसंच वाटलं. कुणी नीट बघितलं नाही, आणि मी दाखवलं नाही. आज बोलेन, उद्या बोलेन, असं करता करता दिवस जात होते. दुकान उघडायचो, मशीनवर बसायचो, उठायचो.

पंधराव्या दिवशी साक्षी दुकानात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, पोरं म्हणतात आता पुढच्या गाडीला बेल्ट लावायचेच नायत. सर बेल्ट असून गेले, मग ती भोकं कशाला पाडायची? उद्या विहारात सरांचं पुण्यानुमोदन आहे, तिथे सगळ्यांसमोर मला बोलायचंय. मी काय बोलू? सरांनी कंटाळा केला असं बोलू?"

तिच्याकडे बघून मला माझी एवढी किळस आली, काय सांगू. मी तिला काही सांगितलं नाही. शटर अर्ध्यावर ओढलं आणि तसाच पऱ्या ओलांडून तुझ्या घरी गेलो.

वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कव्हर, टाके, आठ वाजता येतो म्हटलं ते, मांडवी, फोन. त्या मान वर न करता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला माहीत होतं, भावजी."

मी खालीच बसलो.

"त्या सकाळी मी शेडवर डबा घेऊन गेले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलून झालं आणि त्यांनी खिशातला कटर काढला, पातं बाहेर काढून शिवणीला लावलं. मग थांबले. मी म्हटलं, कापा ना, काय होतंय. तर म्हणाले, नको, दत्त्याची शिवण आहे, परत तीन महिने बोलायचा नाय. आणि पातं आत घेतलं. मी अजून एकदा सांगितलं असतं तर कापलं असतं त्यांनी. मी पण म्हटलं, जाऊ दे, भावजींचा राग नको."

पंधरा दिवस त्या एकट्या ते घेऊन बसल्या होत्या, आणि मी माझं घेऊन. मी विचारलं, "मग तुम्ही कुणाला बोलला का नाय?"

"तुम्ही बोलाल म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बोलले असते तर तुमच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. ते त्यांना आवडलं नसतं." मग त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण रोज वाट बघत होते, भावजी. रोज."

मारलं असतंत वहिनी तर बरं झालं असतं, असं मनात आलं. त्यांनी चहा टाकला. मला तो पिववेना, पण प्यालो, कारण नको म्हणायचीही लाज वाटत होती.

मी म्हटलं, उद्या सीट काढून विहारात घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर उसवतो. तिथून आयटीआयच्या शेडवर गेलो, गाडी तिथेच आणून ठेवली होती, आणि साक्षीला बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. तिने कव्हरचे टाके बोटाने चाचपले. मग पाना हातात घेतलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "सीट काढून नेऊन चालणार नाय काका. बेल्ट चासीला आहेत. सीट नेलीत तर बेल्ट मागेच राहतील." मिल्या, तुझं वाक्य त्या पोरीच्या तोंडून आलं, आणि मी पाना तिथेच टाकून रडलो.

म्हणून टेंपो केला आणि अख्खी गाडीच विहाराच्या अंगणात आणली. वहिनींना आधी विचारलं, तुम्हाला ती बघवेल काय. म्हणाल्या, आणा.

वंदना झाली, बौद्धाचार्यांनी सगळं नीट केलं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. मग बोलायला एकेकजण उठला. सगळे चांगलंच बोलत होते, तरी प्रत्येकाच्या बोलण्यात एक जागा यायची जिथे तो अडखळायचा, थोडी सावधगिरी असती तर, असं काहीतरी. साक्षीचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "आधी दत्ताकाका बोलतील."

मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, सरांनी कंटाळा केला नाही. बेल्ट मी शिवून बंद केले होते, दिसायला बरं वाटावं म्हणून. सकाळी उसवतो म्हटलं आणि गेलो नाही. फोनवर मीच म्हटलं, एक दिवस नाही लावलास तर काय होतंय. तरी त्यांनी पोरांपैकी एकालाही बसू दिलं नाही. एवढंच बोललो. सुभ्या पहिल्या रांगेत होता, त्याने मान खाली घातली. कुणी शिवी दिली असती तर मी घेतली असती. कुणी दिली नाही.

मग सगळे अंगणात आलो. मी माझा कटर काढायला लागलो तर वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी तुझा दिला. पिवळ्या मुठीचा, तुझ्या खिशातला. त्याने मी टाके कापायला लागलो. चांगली शिवण असली की उसवायला वेळ लागतो. सगळे उभे होते, फक्त दोऱ्याचा आवाज येत होता. कव्हर ओढून काढलं आणि आतून ते बेल्ट निघाले, काळे, कोरे, धूळसुद्धा नाही. साक्षी तुझ्या सीटवर बसली. खांद्यावरचे दोन ओढले, कमरेचे दोन ओढले, बकल लावलं. टक्. पार मागे उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेला. तिने कुणाला विचारलं नाही, आवाज आला काय म्हणून. आणि तुझी पोरं, एकेक करून, रांगेत उभी राहिली, आपलाही नंबर यावा म्हणून.

मला माफ वगैरे कुणी केलेलं नाही, आणि तू करावंस असंही मी म्हणत नाही. तुझ्या स्वभावाप्रमाणे तू केव्हाच केलं असशील, म्हणून तर जास्त लाज वाटते. तू रागावणारा असतास तर मला सोपं गेलं असतं. त्या सकाळी तू माझ्या शिवणीवर पातं चालवलं असतंस, मी तीन महिने काय, तीन वर्षं बोललो नसतो, आणि तू रोज येऊन स्टुलावर बसला असतास.

आज सकाळी दुकान उघडलं. स्टूल तिथेच आहे. दाराला पुठ्ठा लावलाय, मागच्या सीटचे बेल्ट वर काढून मिळतील. ज्यांचे नंबर माझ्याकडे आहेत त्यांना एकेक करून फोन करतोय, गाडी घेऊन या म्हणून. काहीजण हसतात, म्हणतात, दत्ताशेट, चांगलं आहे ते कव्हर, कशाला हात लावता. मी म्हणतो, या, पाच मिनिटांचं काम आहे. आतापर्यंत तीन गाड्या आल्या. दोघांना मागे बकल आहे हेच माहीत नव्हतं. मी कव्हर कापतो, हात आत घालतो, बकल वर काढतो, खाचेला कडेने चामड्याची पट्टी लावतो. भिकाऱ्यासारखं नाही दिसत, मिल्या. तुला हे आधीच माहीत होतं.

आता चौथी गाडी दारात उभी आहे, म्हणून हे थांबवतो. तुझा कटर वहिनींनी मला ठेवायला दिलाय, त्यानेच उसवतोय. सगळ्यांच्या उसवीन. तुझी आधी उसवायची होती, सकाळी आठला.